डिजिटल मार्केटिंग : पुण्याचा क्लास की तासगावची पेठ?

पत्र : मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगी बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला डिजिटल मार्केटिंग करायचंय. पुण्यातल्या एका क्लासने सहा महिन्यांचे ७५ हजार सांगितलेत, वर राहण्याजेवणाचा खर्च वेगळा. तिचं इंग्रजी बेताचं. घरचे म्हणतात, बी.एड. कर. या कामात खरंच पोट भरतं का, की हे नुसतं मोबाइलशी खेळणं? – एक पालक

नमस्कार,

पोट भरतं. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच असतो, हे आधीच सांगून टाकतो. पण तुमच्या पत्रात मला खटकलं ते दुसरंच. मुलीचं मराठी ही जमेची बाजू, आणि तुम्ही ती खर्चाच्या रकान्यात मांडली आहे.

२०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटींच्या वर होते. ट्रॅक्टर, बियाणं, सोनं, गृहकर्ज, दूध विकणाऱ्या सगळ्यांना या लोकांपर्यंत पोचायचं आहे. गुगलने २०१८ मध्ये आपल्या जाहिरात-व्यवस्थेत मराठी आणली, शेअरचॅटसारखी ॲप्स तर प्रादेशिक भाषांवरच उभी राहिली. साधनं आहेत. ती चालवणारा माणूस मात्र बऱ्याचदा मुंबईत बसून इंग्रजी मजकुराचं मराठी करत असतो, आणि ते मराठी वाचताना घास अडकतो.

एक उदाहरण घ्या. अख्ख्या महाराष्ट्रासाठी ‘पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा’ असं एकच पोस्टर सुटतं. मराठवाडा-विदर्भात ते श्रावण अमावास्येला बरोबर बसतं. तुमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, आणि तो आषाढातच होऊन गेलेला असतो. पशुखाद्याची जाहिरात तिथेच परकी ठरते. तुमच्या मुलीला हे कुणी शिकवावं लागणार नाही. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी औषधांच्या दुकानात गर्दी होते, खरडछाटणी एप्रिलच्या सुमारास येते, कारखान्याचं ऊस बिल खात्यावर पडलं की टीव्ही-फ्रिजच्या दुकानात माणसं दिसतात, हेही तिला ठाऊक आहे. जाहिरातीचे पैसे कोणत्या आठवड्यात टाकायचे, हा निर्णय अशाच माहितीवर होतो.

आता साधनांकडे. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत नकाशावर पिन टाकून भोवतीच्या काही किलोमीटरचा परीघ निवडता येतो. तासगावातल्या फवारणी यंत्राच्या विक्रेत्याला हे सोन्यासारखं, कारण त्याचं गिऱ्हाईक जवळच्या गावांतलंच. पण बेदाणा विकायचा असेल तर हाच परीघ वाया. तासगावात बेदाणा कोण शोधतंय? त्याचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत. साधन तेच, पिन कुठे टाकायची ते माल ठरवतो.

तिथेच भाषा निवडायचा एक रकाना असतो. नवशिका माणूस ‘मराठी’ निवडून मोकळा होतो. मग जाहिरात प्रामुख्याने ज्यांनी फेसबुकच मराठीत ठेवलंय त्यांच्यापुढे जाते, आणि आपल्याकडे फोन इंग्रजीत ठेवून मराठीत बोलणारे किती आहेत, ते तुमच्याच घरात बघा. रकाना मोकळा सोडायचा आणि मजकूर मराठीत लिहायचा. गुगलवर शोधतानाही हेच. कुणी देवनागरीत ‘बेदाणा भाव’ लिहितं, कुणी तेच रोमन लिपीत टाइप करतं, कुणी नुसतं बोलून विचारतं. दुकानाची माहिती तिन्ही वाटांनी सापडली पाहिजे.

एसएमएसची गंमत तर वेगळीच. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. ‘द्राक्ष’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात. मोबाइल काना आणि हलन्त सुटे धरून सात मोजतो. ७० च्या पुढे गेलं की एका संदेशाचे दोन होतात आणि पैसेही दोनाचे लागतात. थोडक्यात आणि गोड मराठी लिहिणाऱ्याची किंमत इथे रोकडीत दिसते. शिवाय ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांमुळे व्यापारी एसएमएसचा नमुना आधी नोंदवावा लागतो, म्हणजे मजकूर ऐनवेळी बदलायची सोय नाही.

क्लासचं. ७५ हजार आत्ता भरू नका. गुगलच्या स्किलशॉप या शिकवणीच्या संकेतस्थळावर जाहिरातींचे अभ्यासक्रम फुकट आहेत. इंग्रजी तिथे लागतं, पण ते बटणांच्या नावांपुरतं आणि अहवाल वाचण्यापुरतं. तेवढं येईल तिला. त्याच्या जोडीला ओळखीतलं एक दुकान धरा. कृषी सेवा केंद्र, रोपवाटिका, काहीही. तिने त्या दुकानाचं गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारं माहितीचं पान, उघडावं, व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाचा कॅटलॉग चढवावा, एका छाटणीच्या हंगामात थोड्या पैशांची जाहिरात चालवावी. पैसे दुकानदाराचे असावेत, तुमचे नकोत. दुसऱ्याचा रुपया लावला की हिशेब आपोआप नीट ठेवला जातो. किती फोन आले, त्यातले किती दुकानात आले, किती जणांनी घेतलं, हे वहीत रोज लिहायचं. मुलाखतीत ही वही प्रमाणपत्राहून जास्त बोलते.

दोन गोष्टींपासून मात्र तिला लांब ठेवा. कुणी ‘दहा हजार शेतकऱ्यांचे नंबर देतो’ म्हणालं तर घ्यायचे नाहीत. अशा नंबरांवर मेसेज लोटले की व्हॉट्सॲप खातंच बंद करतं, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे. दुसरं, ओळखीच्या डॉक्टरांनी ‘आमचीही जाहिरात कर’ म्हटलं तर आधी त्यांच्या व्यवसायाचे नियम बघायचे. रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करण्यावर डॉक्टरांना बंधनं आहेत.

अडचणही सांगतो. तालुक्याच्या गावात या कामाचे पैसे वेळेवर निघत नाहीत. दुकानदाराला वाटतं, पोरगी फोनवर चार फोटो टाकते, त्याचे कसले पैसे? म्हणून पहिल्या हंगामानंतर तिने सांगली-कोल्हापुरातल्या एजन्सीत, दूध संघात किंवा पतसंस्थेच्या प्रसिद्धी विभागात नोकरी बघावी. पुणं त्याच्या पुढे. तेव्हाही क्लास लावावासा वाटला तर संचालकांना एकच विचारा : विद्यार्थी खऱ्या पैशांची जाहिरात स्वतःच्या हाताने चालवतात का, आणि ते पैसे कुणाचे असतात? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ ऐकू आलं तर गेल्या बॅचमधल्या दोघांशी बोलायला मागा.

बी.एड.बद्दल घरच्यांशी वाद घालू नका. पदवीचा निकाल आणि प्रवेशाच्या तारखा यायला अजून अवधी आहे. तेवढ्यात एक छाटणी होऊन जाईल. ती वही भरली की मला त्यातली दोन पानं पाठवा, मग बी.एड.चं बोलू.