पिशवीवरची तारीख आणि अंड्यातला डोळा

डिचोली, जूनचा तिसरा आठवडा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोथोब्रँकियस गुंथेरी या आफ्रिकन किलिफिश माशाची, ओलसर नारळाच्या भुशात पिशवीत ठेवलेली अंडी तू बरोबर बाराव्या आठवड्यात पाण्यात घातलीस, काही तासांतच पिल्ले बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी पाहतेस तर त्यांतली बहुतेक तळाला पोट टेकून सरपटत होती, हे वाचून वाईट वाटले. पण सोबत तू नोंदवहीची दोन पाने पाठवलीस, त्याचे समाधान अधिक वाटले. अंडी पिशवीत भरल्याची तारीख आणि खोलीचे रोजचे तापमान तू लिहून ठेवले नसतेस, तर मला केवळ अंदाजाने उत्तर द्यावे लागले असते.

पहिली गोष्ट, त्या डब्यातला भुसा टाकून दिला नसशील तर आता टाकू नकोस. पाणी गाळून तो जाळीत दाबून घे, वर्तमानपत्राच्या घडीवर काही तास पसर आणि पुन्हा पिशवीत भर. नोथोब्रँकियसची सगळी अंडी एकाच पावसाला कधीच फुटत नाहीत. पूर्व आफ्रिकेतल्या ज्या उथळ डबक्यांत हा मासा जगतो, ती कोरड्या ऋतूत पूर्ण आटतात, मोठे मासे मरतात आणि चिखलातली अंडी तेवढी मागे राहतात. एखादा अवकाळी पाऊस पडून डबके आठवड्याभरातच पुन्हा आटले तर सारी पिढी बुडू नये, म्हणून काही अंडी विकासाच्या मध्येच थांबून राहतात. या थांब्याला शास्त्रात डायपॉज म्हणतात आणि तो एकूण तीन टप्प्यांवर येऊ शकतो: अगदी सुरुवातीला, शरीराची घडण अर्धी झाल्यावर आणि पिल्लू बाहेर पडण्याच्या बेतात असताना. तुझ्या भुशात अजून अशी अंडी असणार. तीन-चार आठवड्यांनी तो पुन्हा भिजव. आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर पावसाळ्यात जी डबकी साचतात, त्यांतही अंड्याच्या रूपाने उन्हाळा काढणारे बारीक जीव असतात. मासा मात्र असा एकही आपल्याकडे नाही.

आता सरपटणाऱ्या पिल्लांविषयी. त्यांना या छंदातले लोक ‘बेली स्लायडर’ म्हणतात. बाहेर आल्यावर वाताशयात, म्हणजे माशाला तरंगत ठेवणाऱ्या पोटातल्या पिशवीत, हवा भरून घेणे त्यांना जमलेले नसते, त्यामुळे ती वर उठूच शकत नाहीत. अंडी वेळेआधी भिजवली म्हणून असे झाले, असे तू धरून चालली आहेस. तुझ्या नोंदी पाहून माझे मत नेमके उलट झाले आहे. पुस्तकातले बारा आठवडे हे २२ ते २४ अंश सेल्सियसच्या खोलीचे आहेत. तुझी पिशवी मार्च ते मे या काळात ज्या कपाटात होती, तिथले तापमान तूच ३० ते ३३ लिहिले आहेस. उष्णतेत भ्रूणाची वाढ झपाट्याने होते आणि मधला थांबा पुष्कळदा गळूनच जातो. ती पिल्ले बहुधा कितीतरी दिवस आधीच तयार होऊन अंड्यात वाट पाहत बसली होती, शिदोरीचा पिवळा बलक संपवत होती आणि तू दार उघडलेस तेव्हा अंगात त्राण उरले नव्हते.

म्हणून पिशवीवर तारीख अवश्य लिही, पण भुसा भिजवायचा की नाही हे तारखेला विचारू नकोस. दर पंधरवड्याला पिशवीतून आठ-दहा अंडी काढून भिंगाखाली पाहा. जेमतेम एक मिलिमीटरचे ते अंडे सुरुवातीला काचेसारखे स्वच्छ दिसते, मग आत एक पुसट रेघ उमटते, मग दोन काळे ठिपके. पुष्कळजण हे ठिपके पाहूनच घाई करतात. थांबायचे ते त्या डोळ्यांभोवती सोनेरी कडे स्पष्ट चमकेपर्यंत आणि पिल्लाचे शरीर अंड्यात पूर्ण वळसा घेऊन बसेपर्यंत. पिशवीतल्या बहुसंख्य अंड्यांत असा डोळा दिसला की भुसा भिजवायचा, मग तो सहावा आठवडा असो की सोळावा. जी अंडी पांढरी पडली असतील ती चिमट्याने काढून टाक, म्हणजे बुरशी पसरणार नाही.

भिजवताना पाणी गार हवे. पहिल्या पावसाचा अनुभव त्यांना द्यायचा आहे, असे समज. गार पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो आणि पिल्लांना नेमका तोच हवा असतो. एरवी मी माठातले पाणी वापरले असते. पण पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की माठ पाणी गार करत नाही. तेव्हा फ्रीजमधल्या बाटलीतले पाणी साध्या पाण्यात मिसळून १८ अंशांच्या आसपास आण, भुशावर ओत आणि मग ते आपोआप खोलीच्या तापमानाला येऊ दे. पाण्याची उंची तीन-चार सेंटिमीटरच ठेव. तू दहा ठेवली होतीस. पृष्ठभागापर्यंत पोहोचून हवेचा पहिला घोट घेण्यासाठी नवजात पिल्लाला तेवढी चढण फार झाली.

भुशाच्या ओलाव्याबद्दल तू विचारलेस ते योग्यच केलेस. पीट, म्हणजे दलदलीतला कुजलेल्या शेवाळाचा भुसा, आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून आपण नारळाचा भुसा वापरतो. पण किनारपट्टीवरची नारळाची सोडणे पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, हे विसरू नकोस. तो भुसा दोनदा उकळ आणि पाण्याचा रंग फिका चहा होईपर्यंत धू. अंड्यांसह पिशवीत भरताना तो धुऊन निथळलेल्या पोह्यांसारखा असावा: बोटांना ओल लागावी, मूठ दाबली तर थेंब गळू नये, सोडली तर मोकळा व्हावा. एप्रिलमध्ये ही अवस्था साधायला दोन तास लागतात, जुलैमध्ये दोन दिवसही लागतात. पावसाळ्यात भरलेल्या पिशव्यांना बुरशी लागते ती याच उतावळेपणामुळे.

पाण्याच्या बाबतीत गोवेकराला एक सोय आहे आणि एक अडचण. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. गॅबनमधल्या अफिओसेमियॉन ऑस्ट्रालेसारख्या जंगली ओहोळांतल्या माशांना ते मानवते. नोथोब्रँकियसला मात्र थोडे जड पाणी लागते. त्यासाठी बाजारातल्या महागड्या पुड्या आणू नकोस. घरी तिसऱ्यांचे जेवण झाले की शिंपल्या उकळून, कुटून, कापडी पुरचुंडीत बांधून स्पंज फिल्टरपाशी ठेव. शिवाय दर लिटरला साधारण एक ग्रॅम मिठागरातले खडे मीठ घाल, आयोडिनचे नको. या माशांच्या अंगावर सोनेरी धुळीसारखा जो ‘वेल्व्हेट’ रोग चढतो, त्याला या मिठाने पुष्कळ अटकाव होतो. नळाचे पाणी असेल तर आधी क्लोरीन घालवणे आलेच. टाकी नवी असेल तर अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यात महागाचा मासा सोडू नये, एवढे तुला आता सांगायला नको.

मे महिन्यात पाणी ३३ अंशांवर गेले तर काय करावे, हा तुझा प्रश्न मलाही दरवर्षी पडतो. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी गार होते, हे कोरड्या हवेच्या गावी ठीक. आपल्या दमट हवेत अंश-दोन अंशांपलीकडे फरक पडत नाही. टाक्या तळमजल्यावर, उत्तरेकडच्या खोलीत, जमिनीलगत ठेवणे हाच त्यातल्या त्यात खरा उपाय. ऑस्ट्रालेला २४ अंशांच्या वर सुख नाही, म्हणून एवढ्यात ते घेऊ नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाद्यासाठी डासांच्या अळ्यांइतके उत्तम दुसरे काही नाही. मात्र बादली जाळीने घट्ट बांध आणि अळ्या रोज गाळून घे. आरोग्य खात्याचे लोक साचलेले पाणी तपासत फिरतात आणि त्यांचे बरोबरच आहे. डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नवजात पिल्लांना आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, ताजी पिल्ले दिवसातून तीनदा द्यावी लागतात. एखादी वेळ चुकली तर चालेल, असे या माशाच्या बाबतीत म्हणता येत नाही, कारण काही आठवड्यांत वयात येणाऱ्या जिवाला एक दिवसाचा उपास फार महाग पडतो.

तू मोझांबिकमधल्या बेइराकडच्या रॅकोवीची, म्हणजे नोथोब्रँकियसच्याच दुसऱ्या जातीची, अंडी मागवण्याचे लिहिले आहेस. तो मासा विलक्षण देखणा आहे यात शंका नाही. १९२६ साली आल या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. आणि पोर्तुगीज काळात आपल्याकडची कितीतरी कुटुंबे मोझांबिकमध्ये नोकरीला गेली होती, त्यामुळे बेइरा हे नाव ऐकले की मलाही जवळचे वाटते. पण त्याची अंडी गुंथेरीपेक्षा बराच अधिक काळ, कधीकधी सहा महिनेही घेतात. गुंथेरीच्या दोन पिढ्या हातून नीट पार पडल्यावाचून त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

आणखी एक सांगतो, यात माझीच फजिती आहे. एका पावसाळ्यात दोन निरनिराळ्या ठिकाणच्या नोथोब्रँकियसच्या पिशव्या माझ्याकडे होत्या. चिठ्ठ्या मी शाईच्या पेनने लिहिल्या होत्या. ओलाव्याने अक्षरे पसरली आणि मी आठवणीवर विसंबून पिल्ले वाढवली. नर रंगावरून कसेबसे ओळखता आले, पण या माशांच्या माद्या सगळ्या सारख्याच करड्या. दोन्ही वाण मिसळले असण्याची शंका आली म्हणून मी त्यांतले एकही अंडे पुढे कोणाला दिले नाही, आणि दोन्ही वंश माझ्या घरीच संपले. तेव्हापासून मी पेन्सिलीने लिहितो: जात, मूळ ठिकाण, तारीख. एक चिठ्ठी पिशवीच्या आत आणि एक बाहेर.

जुलैपर्यंत हात रिकामे राहतील, म्हणून एक काम सुचवतो. ‘किलिफिश’ या नावातला ‘किल’ हा शब्द मारण्याचा नव्हे; डच भाषेत किल म्हणजे ओहोळ, आपण ज्याला व्हाळ म्हणतो तो. आणि आपल्या व्हाळातच या कुळाचा नातलग आहे: अप्लोकायलस लिनिएटस, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी असलेला, पाण्याच्या पृष्ठभागालगत पानांच्या सावलीत निश्चल उभा राहणारा. मादीच्या पाठीवरच्या पराच्या मुळाशी काळा डाग असतो. गडद हिरव्या अॅक्रिलिक धाग्याचा झुपका उकळून बुचाला बांध आणि पाण्यात सोड. अस्सल लोकर कुजते, ती घेऊ नकोस. मादी त्या झुपक्यात रोज थोडीथोडी अंडी चिकटवते आणि दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. वाळवणे नाही, पिशवी नाही. पण अंड्यातला डोळा कसा भरत जातो, हे तुला रोज भिंगातून पाहता येईल, आणि तेच तर शिकायचे आहे. झाकणाला मात्र बोटभरही फट ठेवू नकोस. हा मासा तेवढ्या वाटेने उडी मारून बाहेर पडतो. अभयारण्याच्या हद्दीतून मासे धरायचे नाहीत आणि टाकीतला कोणताही परदेशी मासा व्हाळात किंवा विहिरीत सोडायचा नाही, या दोन गोष्टींत मी सूट देत नाही.

माझ्याकडे लिनिएटसची तीन जोडपी आहेत. चतुर्थीला येशील तेव्हा घट्ट झाकणाचा रुंद डबा आण, एक जोडी देतो. आणि भुसा पुन्हा भिजवण्याआधी त्यातली दहा अंडी भिंगाखाली पाहून किती डोळ्यांना सोनेरी कडे आले आहे, ते मला कळव.

तुझा,
काका