पालवी फुटली, पण मुळं कुठायत?

प्रश्न : ताई, मार्चमध्ये आमच्या सोसायटीतलं फायकसचं (वडाच्या कुळातलं) झाड छाटलं, तेव्हा करंगळीएवढ्या जाडीच्या चार फांद्या उचलून आणल्या. हौसेनं बोन्सायचा ट्रे विकत घेतला, त्यात लावल्या, रोज पाणी घातलं. दहा-बारा दिवसांत पालवी फुटली आणि महिन्याभरात चारही काळ्या पडल्या. शेजारी लावलेलं जाड, गरदार पानांचं जेडही सडलं. माझा हातच वाईट आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हाताला बोल लावू नका. तुम्हाला त्या पालवीनं फसवलं. फांदीच्या लाकडात साठवलेल्या अन्नावर कोंब फुटतात, खाली मुळांचा पत्ताही नसतो. साठा संपला की पानं माना टाकतात. सुरुवातीला अशा पालवीवर भाळून मी पेढे वाटायचीच बाकी होते.

दुसरी चूक ट्रेची. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की तोच उभा करा, अजून पाणी ठिबकेल. उथळ ट्रेमधली माती म्हणजे तो आडवा स्पंज. तळाशी ओल राहते आणि बिनमुळांची फांदी त्यात कुजते. ट्रे हे झाडाचं शेवटचं घर. माझ्याकडचं डाळिंब 2009च्या पावसाळ्यात लावलेल्या फांदीचं आहे, ते ट्रेमध्ये गेलं 2014 साली. मधली पाच वर्षं मोठ्या कुंडीत बेबंद वाढू दिलं. खोड जाड व्हायचं तर वर भरपूर फांद्या-पानं हवीत.

आता जून लागला की पुन्हा करा. हवा दमट असली की पानं सुकत नाहीत. वीतभर फांदी घ्या, डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली धारदार कात्रीनं कापा. पांढरा चीक येईल. तो पाण्यात धुऊन टाका, कपड्यांना लागू देऊ नका, डाग जात नाही. शेंड्याची दोन-तीन पानं ठेवा, मोठी असली तर अर्धी कापा. जाड वाळू चाळून, धुऊन निम्मी घ्या, निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. मुळं फुटायला मदत करणारी रूटिंग पावडर असेल तर लावा, पण फायकस तिच्यावाचून अडून बसत नाही.

लावायचं मात्र पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात, बुडाला चार-पाच भोकं पाडून. मुळांना उजेड नको, म्हणून हा ग्लास दुसऱ्या काळ्या, भोकं पाडलेल्या ग्लासात बसवा आणि सावलीत ठेवा. आठवड्यातून एकदा आतला ग्लास उचलून बघा. चार-सहा आठवड्यांत कडेला पांढरे दोरे दिसले की समजा जमलं. मी पूर्वी दर चार दिवसांनी फांदीच उपटून बघायचे आणि नुकती फुटलेली मुळं स्वतःच तोडायचे.

जेडची तऱ्हा उलटी. त्याच्या खोडातच पाणी असतं. फांदी कापून चार-पाच दिवस सावलीत नुसती पडू द्या, काप सुकू द्या, मग कोरड्या वाळूत खोचा आणि आठवडाभर पाण्याचा थेंब घालू नका. तुम्ही पहिल्याच दिवशी घातलंत ना?

आणलेला ट्रे वाया जाणार नाही. तोवर त्यात मेथी पेरा.