मित्रांना कुठली बिअर सुचवावी? वाचकांचे प्रश्न

नाशिकमधून आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळे क्राफ्ट बिअरचे, म्हणजे छोट्या ब्रुअरीत, थोड्या प्रमाणात, चवीकडे लक्ष ठेवून केलेल्या बिअरचे.

आम्ही सहा मित्र महिन्यातून एकदा जमतो. वायनरीत वाइन टेस्टिंग केलेलं आहे, तसंच बिअरचं घरी करायचं आहे. किती आणायच्या, कुठल्या क्रमानं घ्यायच्या? – गंगापूर रोड

पाच प्रकार पुरेत. त्यापुढे जीभ थकते आणि सगळ्या सारख्याच लागायला लागतात. माणशी ७५ मिली ओता. ५०० मिलीच्या कॅनमधून सहा जणांचे ४५० मिली होतात, उरलेले ५० फेसात आणि तळाच्या गाळात जातात. ३३० मिलीची बाटली असेल तर माणशी ५०. पाच प्रकारांचे मिळून माणशी ३७५ मिली होतात. अल्कोहोलचं प्रमाण सरासरी ५ टक्के धरलं तर त्यात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल येतं. नंतर कुणी आवडलेल्या बिअरचा पूर्ण ग्लास घेणार असेल तर तो यात मिळवून मोजा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे. ती किती घोटांनी ओलांडली जाईल याचा हिशेब करत बसू नका, परतीची रिक्षा आधीच ठरवा.

क्रम हलक्याकडून भारीकडे: आधी पिल्सनर किंवा साधी लागर (दोन्ही फिकट, हलक्या चवीच्या), मग गव्हाची, मग पेल एल (थोडी कडसर), मग आयपीए (इंडिया पेल एल, तिच्याहून कडू), शेवटी स्टाउट (काळी, भाजलेल्या जवाची). आयपीए आधी घेतली तर हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, कडूपणा जिभेवर बसतो आणि मागून आलेली चांगली लागरही पाण्यासारखी लागते. दोष लागरचा नसतो, क्रमाचा असतो.

वायनरीतल्या दोन सवयी इथे सोडाव्या लागतात. पहिली थुंकण्याची. हॉप्सचा कडूपणा उशिरा येतो, जिभेच्या मागच्या भागात आणि घशाशी, म्हणून घोट गिळल्याशिवाय बिअर पुरती कळत नाही. दुसरी ग्लास गरगर फिरवण्याची. एक-दोन हलके फेरे पुरेत, नाहीतर गॅस उडून जातो. वास मात्र सगळ्यात आधी घ्या, फेस अजून वर असताना, पहिल्या अर्ध्या मिनिटात. सुगंधाचा सगळ्यात नाजूक भाग तेवढ्यातच उडून जातो.

दोन बिअरच्या मध्ये साधं पाणी घ्या, फ्रीजमधलं नको, आणि बिनमिठाचा पाव किंवा कोरड्या पोळीचा तुकडा खा. चिवडा, शेव, खारे शेंगदाणे टेस्टिंग संपल्यावर बाहेर काढा. मीठ कडूपणा दाबतं, मग आयपीएचं माप चुकतं. खोलीत उदबत्ती नको, अंगावर अत्तर नको.

आता तापमान. याबाबत सगळ्यात जास्त चुका होतात. लागर ५ ते ७ अंशांवर, गव्हाची ६ ते ८, आयपीए ८ ते १०, स्टाउट ११ ते १३. घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो. म्हणजे गव्हाची पाच मिनिटं आधी बाहेर काढायची, आयपीए दहा-पंधरा, स्टाउट अर्धा तास. एप्रिल-मेमध्ये हे वेळ निम्मे करा, डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत वाढवा. फार गार बिअरचा वास वर येतच नाही, आणि वास गेला की चवीतलं निम्मं जातं. बर्फ जमवलेला ग्लास तर टाळाच. त्यातला बर्फ वितळून बिअरमध्ये उतरतो आणि फेस वेडावाकडा उसळतो.

बाटली तीच, पण हॉटेलात फेस टिकतो आणि घरी मिनिटभरात बसतो. बिअर खराब असते का? – कॉलेज रोड

बहुधा ग्लास खराब असतो, म्हणजे दिसायला स्वच्छ पण तेलकट. ओतलेला ग्लास उजेडात धरून बघा. आतल्या काचेला बारीक बुडबुडे चिकटून बसले असतील तर त्या प्रत्येक जागी तेलाचा किंवा साबणाचा पातळ थर आहे. चांगल्या ग्लासात बुडबुडे काचेला न चिकटता सरळ रेषेत वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाचं एक कडं काचेवर मागे राहतं. पाच घोटांची पाच कडी मोजता येतात.

आपल्याकडे तोच ग्लास ताकाला, दुधाला वापरला जातो, फोडणीची कढई घासलेल्या घासणीनं धुतला जातो आणि स्वयंपाकघरातल्या फडक्यानं पुसला जातो. या तिन्ही गोष्टी फेसाच्या मुळावर येतात. बिअरचे ग्लास वेगळे ठेवा. नवी घासणी घ्या, चमचाभर खाण्याचा सोडा घालून कोमट पाण्यात घासा, वाहत्या पाण्यात दोनदा धुवा, पुसू नका, जाळीवर उपडे ठेवा. फडक्यावर ठेवले तर आतली हवा कोंडून कुबट वास धरतो. तपासायचं असेल तर ओल्या ग्लासाच्या आतून बारीक मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, जिथे मोकळा पट्टा दिसेल तिथे तेल.

ओतताना ग्लास ४५ अंशांत तिरपा धरा, निम्मा झाला की सरळ करा आणि मधोमध धार सोडा. दोन बोटं फेस यायलाच हवा. फेस न येऊ देता ओतलेल्या बिअरमधला गॅस पोटात जाऊन सुटतो, फुगल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

मे महिन्यात एका दुकानातून सहा बाटल्या आणल्या. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होती. मित्र म्हणतो, क्राफ्ट बिअर अशीच लागते. खरं काय? – इंदिरानगर

मित्र चुकतो आहे. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअर शिळी झाली: बाटलीतल्या थोड्याशा ऑक्सिजननं आणि उष्णतेनं. ब्रुअरीवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे, तीन-तीस-तीनशे. ३२ अंशांत ३ दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं, तेवढंच २२ अंशांत ३० दिवसांत आणि ३ अंशांत ३०० दिवसांत. नाशिकच्या मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पेटी राहिली, तर त्या बिअरचे किती महिने गेले हे यावरून समजा. म्हणून विकत घेताना तीन गोष्टी बघा: बनवल्याची तारीख, बाटल्या फ्रीजमध्ये होत्या की रॅकवर, आणि रॅकवर ऊन येतं का. आयपीए तीन महिन्यांच्या आतली घ्या, तिचा हॉप्सचा वास सगळ्यात आधी जातो.

ऊन लागलेल्या बिअरचा दोष वेगळा. हॉप्समधले कडू घटक उजेडानं तुटतात आणि जळक्या रबरासारखा उग्र वास येतो. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीत हे उन्हात काही मिनिटांत होतं, तपकिरी बाटली बराच बचाव करते, कॅनमध्ये प्रश्नच नाही. घरी बाटल्या उभ्या ठेवा. वाइन आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. बिअरला पत्र्याचं झाकण असतं, आडवी ठेवून हवेशी संबंध तेवढा वाढतो आणि गाळही कडेला पसरतो.

बाकीचे दोषही ओळखायला शिका. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर बिअर पुरती मुरायच्या आधीच बाहेर काढली आहे किंवा नळाच्या नळ्या साफ नाहीत. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कोवळी आहे. उकडलेल्या मक्याचा वास सहसा उकळणं कमी पडल्यामुळे येतो. व्हिनेगर म्हणजे जंतू शिरले. पण तोच वास एकीत दोष आणि दुसरीत गुण असू शकतो. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास यायलाच हवा. त्यात केळं घातलेलं नसतं, लवंगही नसते, दोन्ही वास यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारं किण्व, तयार करतं. हाच केळ्याचा वास पिल्सनरला आला तर ती फसली.

मला आवडलेली आयपीए मी सगळ्यांना घ्यायला लावतो आणि सगळे तोंड वाकडं करतात. सुचवायची कशी? – पाथर्डी फाटा

आपल्याला काय आवडतं ते बाजूला ठेवा आणि समोरचा रोज काय खातो-पितो ते विचारा. कॉफी कशी घेतोस? कारलं आवडीनं खातोस का? जेवणानंतर ताक लागतं का? एवढ्या तीन उत्तरांत निम्मं काम होतं.

बिनसाखरेची कॉफी घेणाऱ्याला स्टाउट द्या. तिचा काळा रंग आणि कॉफीचा वास काळसर भाजलेल्या जवाचा असतो. ‘काळी म्हणजे कडक’ ही समजूत आधी दूर करा: गिनेसची ड्राफ्ट स्टाउट ४.२ टक्क्यांची असते, आणि दुकानात ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणारी पिवळीधमक लागर ८ टक्क्यांपर्यंत जाते. कारल्याची भाजी मागून घेणारा, मेथीचे लाडू खाणारा माणूस आयपीएसाठी तयार आहे. त्यालाही आधी पेल एल द्या, आयपीए पुढच्या वेळी. मीठ-जिरं घातलेलं ताक रोज पिणाऱ्याला गोझ द्या. ही आंबट जर्मन बिअर मीठ आणि धणे घालूनच करतात, तिची ओळख त्याच्या जिभेला आधीच आहे. केळं, शिकरण, गोडसर काही आवडणाऱ्याला जर्मन गव्हाची. सरबतं आवडणाऱ्याला बेल्जियन गव्हाची, तिच्यात संत्र्याची साल आणि धणे असतात. गव्हाची बिअर ओतताना शेवटची चार बोटं बाटलीत ठेवा, बाटली हलकेच गोल फिरवा आणि तळाचं यीस्ट त्यात मिसळून ओता. ते गढूळपण तिच्या चवीचाच भाग आहे.

सांगताना आपल्या स्वयंपाकघरातले शब्द वापरा. ‘सिट्रसी’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही. मोसंबीची साल नखानं खरवडल्यावर येतो तो वास म्हटलं की सगळे ग्लासात नाक घालतात. माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या चवीसाठी, कुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, काकवी. हॉप्ससाठी कैरी, पेरू, गवती चहा. तोंडात घोट कसा लागतो त्यासाठी पातळ, सायीसारखा, चरचरीत. पण तुमचे शब्द त्यानं घोट घेतल्यावर सांगा. आधी सांगितलेत तर त्यालाही तेच वास येतात आणि त्याचं खरं मत तुम्हाला कधी कळत नाही. आणि पहिल्यांदा ६० मिली द्या, पूर्ण ग्लास नको. न आवडलेला पूर्ण ग्लास समोर घेऊन बसलेला माणूस पुढच्या वेळी तुमचं ऐकणार नाही.

एक मित्र म्हणतो, दोन ब्रँडच्या लागरमधला फरक मी डोळे मिटून ओळखतो. तपासायचं कसं? – सिडको

तीन ग्लास द्या, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा कुठला ते विचारा. ओतणारा माणूस सातवा असावा, दुसऱ्या खोलीत बसलेला. रंग झाकायला एकसारखे स्टीलचे पेले घ्या. खाली चिठ्ठीवर ४१७, ८६२ असे आकडे लिहा. एक-दोन-तीन लिहिलं की लोक मधला उचलतात. दोन्ही बिअर एकाच तापमानाच्या हव्यात, नाहीतर गार-कोमट एवढंच ओळखलं जातं.

मांडणीचे प्रकार बरोबर सहा: ककख, कखक, खकक, खखक, खकख, कखख. सहा मित्र असतील तर प्रत्येकाला एक. पेल्यात ४० मिली ओतलं तर दोन्ही बिअर प्रत्येकी ३६० मिली लागतात, म्हणजे ५०० मिलीचा एकेक कॅन पुरतो. सहापैकी चार किंवा जास्त जण निव्वळ अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता दहात एक आहे, म्हणून चारवर विश्वास ठेवू नका. पाच किंवा जास्त जण नुसत्या अंदाजानं बरोबर येणं शंभरात दोन वेळाही होत नाही. एकट्या मित्राचा दावा असेल तर त्यालाच सहा वेळा द्या, वेगवेगळ्या मांडणीनं, मध्ये पाणी आणि पाव देऊन.

आयपीए खरंच भारतासाठी बनली का? आणि मिसळीबरोबर ती चालते का? – देवळाली कॅम्प

इंग्लंडहून भारतात पेल एल जहाजानं येत असे, लंडनच्या हॉजसनच्या ब्रुअरीतून, आणि १८२०च्या दशकापासून इंग्लंडमधल्याच बर्टन गावाहूनही. लांबच्या प्रवासासाठी तिच्यात हॉप्स जास्त घालत, हे खरं. पण फक्त तीच टिकायची हे खरं नाही, पोर्टर ही स्टाउटसारखी काळी बिअरही त्याच जहाजांतून यायची आणि प्यायली जायची. तुमच्या गावाचा संबंध वेगळा आहे. डोकं फिरलेल्यासाठी इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणतात तो शब्द देवळालीचाच, मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या सैनिकांवरून आलेला. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीचं नावही तेच.

मिसळीबरोबर आयपीए नको. तिखट आणि हॉप्सचा कडूपणा एकमेकांना चढवतात, आणि वर अल्कोहोल तीच जळजळ वाढवतो. तर्री झणझणीत असेल तर ५ टक्क्यांच्या आतली गव्हाची घ्या, फरसाणाचा तेलकटपणा तिचा गॅस धुऊन काढतो. आयपीए हवीच असेल तर कांदाभजी किंवा तळलेल्या बोंबलाबरोबर घ्या, चटणी न लावता.