विंडोजची सीडी हरवली असताना जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा विंडोज कशी टाकावी?

तुमचा प्रश्न असा आहे: २०१० च्या सुमाराचा डेस्कटॉप, विंडोज ७, चालू केला की काळ्या स्क्रीनवर अडकतो. सीडी सापडत नाही, सीडी ड्राइव्हही उघडत नाही, आणि दुकानदार म्हणतो भंगारात द्या.

भंगारात देऊ नका. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. असे बरेच सीपीयू मी घरच्या ओट्यावर बसून चालू केले आहेत, आणि सीडी एकदाही लागली नाही. सीडी म्हणजे फक्त विंडोज वाहून आणणारी गाडी. तुम्ही पैसे मोजले ते लायसन्सचे, आणि कंपनीचा सीपीयू असेल तर ते बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवर आहे: पाच-पाच अक्षरांचे पाच गट, एकूण २५. अक्षरं पुसट झाली असतील तर आजच मोबाइलने फोटो काढून ठेवा.

विंडोज टाकायच्या आधी सीपीयू उघडा. आमच्याकडे कापूस वेचून आला की भाव येईपर्यंत घरातच पडून असतो, आणि आमचा कॉम्प्युटर त्याच खोलीत होता. वायर काढून बाजूचा पत्रा उघडला, तर प्रोसेसरच्या पंख्याखाली तंतू आणि धूळ अशी दाबून बसली होती की बोटाने ओढल्यावर गादीतल्या कापसासारखा अख्खा तुकडाच निघाला. ब्रशने साफ केलं, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने हलक्या हाताने घासले, पुन्हा टक्‌ आवाज येईपर्यंत दाबून बसवली. कॉम्प्युटर चालू झाला. विंडोज बिघडलेलीच नव्हती. तारीख दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेलही बदला. त्याचा नंबर सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

एवढं करूनही अडकत असेल तर दुसरं काम डेटा काढण्याचं. माझ्या मोठ्या भावाचा कॉम्प्युटर एका दुकानात दिला होता. तिथल्या पोराने सगळे पार्टिशन (डिस्कचे सी, डी असे भाग) उडवून फॉरमॅट मारला. डी ड्राइव्हमध्ये आजीचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. ती आता नाही. म्हणून मी हे इतकं लांबवून सांगतो आहे: डेटा हातात आल्याशिवाय फॉरमॅट मारू नका, मारू देऊ नका.

त्यासाठी ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्या आणि मित्राच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती उतरवा. फाइल ३ जीबीच्या आसपास असते, त्यामुळे मोबाइलचा रोजचा पॅक मध्येच संपतो. तालुक्याला गेल्यावर चांगल्या वायफायवर उतरवलेलं बरं, कारण अर्धवट उतरलेल्या फाइलने पुढे काहीही चुका येतात. मग रूफस नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर चढवा. त्यात पार्टिशनच्या जागी एमबीआर निवडा, जुन्या बायोसला (कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) तेच कळतं. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. जवळपास लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनला ओटीजी (फोनला पेन ड्राइव्ह जोडायची छोटी पिन) लावून एचड्रॉइड ॲपनेही हे काम होतं, पण फक्त लिनक्ससाठी. विंडोजची फाइल त्याने नीट चढत नाही.

पेन ड्राइव्ह लावून सीपीयू चालू करतानाच बूट मेनूची (कशावरून चालू व्हायचं ते निवडायची यादी) कळ दाबत राहा: डेल, लेनोवो, एसरला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालू होतं, हार्ड डिस्कला हात लागत नाही. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’ लिहिलेलं चिन्ह दिसेल, ते इतक्यात दाबू नका. फाइल मॅनेजर उघडा, डी ड्राइव्ह पाहा, सी मधल्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाखालचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स पाहा, आणि सगळं दुसऱ्या डिस्कवर घ्या.

इथे एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. सी मधल्या विंडोज फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ फोल्डरही कॉपी करा. जुनी मराठी कागदपत्रं कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात, आणि त्यात मराठी अक्षरं इंग्रजी कळांवर बसवलेली असतात. फॉन्ट गेला की ‘काका’ च्या जागी ‘डीकेडीके’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल शाबूत असते, पण घरच्यांना वाटतं सगळं बिघडलं. फॉन्ट परत टाकला की अक्षरं जागेवर येतात.

आता विंडोज. ब्रँडेड सीपीयू असेल आणि आधी कुणी पूर्ण फॉरमॅट मारला नसेल, तर कंपनीने डिस्कमध्येच एक लपवलेला रिकव्हरी भाग ठेवलेला असतो. एचपीला चालू होताना एफ११, एसरला आल्ट आणि एफ१० एकत्र, डेलला एफ८ दाबून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’. यातून मशीन घेतलं त्या दिवशीसारखं होतं, लायसन्ससकट. असेंबल केलेल्या सीपीयूत हा भाग नसतो.

तो नसेल तर विंडोज ७ च्या मागे लागू नका. मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद केला, आणि क्रोम तिच्यावर १०९ आवृत्तीच्या पुढे जात नाही. विंडोज १० मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवता येते, पण तिचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ७ ची ‘की’ (स्टिकरवरची ती २५ अक्षरं) आता तिला चालत नाही. त्या मशीनवर पूर्वी कधी १० ॲक्टिव्हेट झाली असेल तर मात्र की विचारल्यावर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, नेट लागलं की मदरबोर्ड ओळखून ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. ‘क्रॅक’ केलेली विंडोज कुणी देत असेल तर बँकेचं काम करणाऱ्या मशीनवर ती नकोच.

टायपिंग, इंटरनेट, पोरांचा अभ्यास एवढंच काम असेल तर मी तुमच्या जागी तोच लिनक्स मिंट कायमचा टाकला असता. किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर आरामात चालतो. अंगठ्याचं मशीन किंवा जुना प्रिंटर लावायचा असेल तर त्याचा लिनक्ससाठी ड्रायव्हर (ते मशीन चालवणारा प्रोग्राम) मिळतो का, ते आधी बघा.

काहीही टाकताना पेन ड्राइव्ह मागच्या काळ्या यूएसबी पोर्टला लावा. विंडोज टाकताना ‘कस्टम’ निवडून फक्त सी वर टिचकी मारा, डी ला हात लावू नका. सी फॉरमॅट न करता टाकली तर जुन्या फाइल ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये राहतात. जुन्या हार्ड डिस्कवर तासभर लागतो आणि मध्येच लाईन गेली तर काम पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून इन्व्हर्टरवर लावा, किंवा तुमच्या गावात लाईन टिकते ती वेळ धरा. आमच्याकडे ती रात्री अकरानंतर.

अडलं तर खाली कळवा. सीपीयूवर कोणत्या कंपनीचं नाव आहे, रॅम किती आहे आणि स्क्रीनवर नेमकी कोणती अक्षरं येतात, हे तिन्ही लिहा.