पारधी वस्तीवर समुपदेशनाला जाताना

पहिल्या आठवड्यात कुणी मोकळं बोललं नाही म्हणून हिरमुसलीस, साहजिक आहे. सध्या एवढंच सांभाळ.

वही आणि प्रश्नावली पिशवीतच राहू दे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या लोकांवर जन्मतःच शिक्का मारला. कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला, १९५२ मध्ये, पण गावात चोरी झाली की संशय अजून वस्तीवरच जातो. तिथे नाव-गाव लिहून घेणारी तू कोण वाटशील? रात्री गाडीच्या आवाजाने दचकून उठणाऱ्या बाईला ‘संशयी’ ठरवू नकोस. ती भीती अनुभवातून आलीय. दीर्घ श्वास शिकव, पण मुलाला अटक झाली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलापर्यंतही पोचव. (मी पहिली दोन वर्षं नुसते श्वासच शिकवत बसले होते!)

नेहमीच्या चुका:
- ‘डिप्रेशन’ हा शब्द लादणं. ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’ हे तिचेच शब्द धर.
- ‘अंगात येतं’ म्हटलं की अंधश्रद्धेवर व्याख्यान. आधी विचार, कधीपासून? तेव्हा घरात काय चाललं होतं?
- शेजारणीला दुभाषी करणं. संध्याकाळपर्यंत गोष्ट वस्तीभर होते.

जिवाचं बरंवाईट करायची भाषा कानावर आली तर मात्र सरळ विचार, एकटं सोडू नकोस आणि १४४१६ला, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लाव. मराठीत बोलता येतं.

थेरपीच्या पद्धतींचं नंतर बघू. आधी चार वेळा नुसती चहाला जाऊन ये.