402 मधून 178 गेले, उरले 376?

गणिताची शंका : वाचकांचे प्रश्न, निवृत्त शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : मी घरीच तिसरी-चौथीच्या मुलांची शिकवणी घेते. साधी वजाबाकी सगळ्यांना येते, पण मध्ये शून्य आलं की गाडी अडते. 402 − 178 चं उत्तर कुणी 376 लिहितं, कुणी 234. हातचा कितीदा समजावला तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच. पालक म्हणतात, रोज पानभर वजाबाक्या द्या, सरावाने येईल. खरंच येईल का? (बार्शी)

उत्तर : पान भरेल, बाई. पण मूल जे करतंय तेच सरावाने पक्कं होतं, आणि इथे ते चूक करतंय.

आधी ती दोन उत्तरं नीट बघा. लाल फुली दोन्हींवर सारखीच पडते, मुलं मात्र एका जागी नाहीत. 376 वाल्याने 8 मधून 2, 7 मधून 0, 4 मधून 1 असं जोडीजोडीने मोठ्यातून लहान वजा केलं. त्याला 402 ही एक संख्या दिसतच नाही, शेजारी शेजारी बसलेले तीन अंक दिसतात. 234 वालीने शतक मोडलं, दहा दशक केले, त्यातला एक एककांना दिला, 12 मधून 8 बरोबर काढले. दिल्यावर दहाचे नऊ झाले, एवढंच विसरली. म्हणून तिचं उत्तर बरोब्बर दहाने चुकलंय. तिला सगळं नव्याने शिकवायला बसू नका, कंटाळेल. "तू दिलेला दशक अजून तुझ्याकडे कसा?" एवढं विचारलं की पुरे.

376 वाल्यासाठी मात्र वही मिटा. जाड कागदाचे तुकडे कापून 100, 10 आणि 1 च्या नोटा करा. त्याला 402 रुपये मोजून घ्यायला सांगा : शंभराच्या चार, एकच्या दोन. तुम्ही दुकानदार, 178 मागा. शंभराची एक द्यायला काढेल आणि अडेल; ती अजून त्याच्याकडेच राहू द्या. अडू द्या, लगेच तोंड उघडू नका. थोड्या वेळाने तोच म्हणेल, "बाई, सुट्टे द्या ना." मग शंभराची एक घेऊन दहाच्या दहा द्या, त्यातली एक घेऊन एकच्या दहा. समोर आता तीन, नऊ आणि बारा नोटा आहेत. 178 घेण्याआधी विचारा, "आता तुझ्याकडे किती रुपये?" बरीच मुलं पटकन 402 म्हणत नाहीत, नोटा वाढल्या म्हणजे पैसे वाढले असं त्यांना वाटतं. मोजू द्या. नोटा बदलल्या पण रक्कम तीच राहिली हे एकदा हाताला कळलं, की शून्य खोडून त्यावर 9 का लिहितात हे वेगळं सांगावं लागत नाही. (याच कारणाने "शेजाऱ्याकडून उसना घेतला" हे मला कधी आवडलं नाही. बाहेरून काही येतच नाही, आपलंच आपण मोडतो.)

काही दिवस नोटा आणि वही शेजारी राहू द्या. इथे नोट मोडली की तिथे लगेच खोडायचं. मग नोटांच्या जागी चित्र : शंभराला चौकोन, दहाला रेघ, एकाला टिंब. मग नुसते अंक. या पायऱ्या गाळायची घाई आपल्यालाच असते.

मांडणीआधी अंदाज घ्या. 178 म्हणजे शंभराहून जास्त गेले, मग 302 च्या वर काही उरेल का? 376 त्याचं त्यालाच खटकलं पाहिजे. आणि एखादी वर मोजत गेली, 178 ला 2 घातले की 180, आणखी 20 की 200, मग 202, म्हणजे 224, तर तिला उभ्या मांडणीला जुंपू नका. वाणी सुट्टे परत देताना असंच मोजत आला आहे. दोन्ही रीती फळ्यावर लिहा, पुढे 402 − 399 द्या आणि कुठली सोपी यावर भांडू द्या.

राहिले पालक. पानभर वजाबाक्यांऐवजी चारच द्या, त्यातली एक मुद्दाम चुकवून सोडवलेली, चूक शोधायला. वर एक काम : 402 − 178 वर गोष्ट रच. बहुतेक मुलं खाऊ आणतात आणि पैसे उरवतात. "ताईकडे 402 रुपये, माझ्याकडे 178, ताईकडे किती जास्त?" ही गोष्ट सहसा येत नाही, ती तुम्ही घाला; नाहीतर "जास्त" दिसलं की बेरीज, असं होऊन बसतं. शनिवारी मुलांनी घरी नोटा मांडून आईला ही वजाबाकी शिकवायची. पालकांना हे पानापेक्षा लवकर पटतं. आणि तुमची मुलं फार मागे आहेत असंही समजू नका : "असर" या शालेय शिक्षणाच्या पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या जेमतेम एक तृतीयांश मुलांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी जमली होती.

प्रश्न : आम्ही पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंत (पाव, अर्धा ते अडीचचे पाढे) सगळं घोकलं. नातवाच्या शाळेत पाढेही पाठ करून घेत नाहीत. मी घ्यावेत का? (नाशिक)

उत्तर : जरूर घ्या, आजोबा. पाढे येत नसतील तर भागाकारात मूल प्रत्येक पायरीला धापा टाकतं. फक्त "सात आठे" विसरला की पुन्हा सात एके सातपासून सुरुवात करायला लावू नका. चिंचोक्यांच्या सात रांगा मांडा, रांगेत आठ. पाच चिंचोक्यांनंतर मध्ये पेन्सिल आडवी घाला : इकडे 35, तिकडे 21, मिळून 56. मग दुसऱ्या बाजूला जाऊन बसायला सांगा. आता आठ रांगा, रांगेत सात, चिंचोके तेवढेच. म्हणजे जवळजवळ अर्धे पाढे फुकटात झाले.

सवायकी आणि दिडकी मात्र घोकून नका घेऊ. चौथी-पाचवीत अपूर्णांक सुरू झाले की पाऊणकी काढा. चार पाऊण म्हणजे तीन हे मापाने भांड्यात पाणी ओतून दाखवा. इथे तुमच्याइतकं चांगलं शाळाही शिकवणार नाही.

प्रश्न : दुसरीतली मुलगी "सत्तेचाळीस" ऐकून 74 लिहिते. डॉक्टरांना दाखवू का? (कुडाळ)

उत्तर : एवढ्यावरून नको. सात आधी ऐकला, आधी लिहिला. मराठीत शिकणाऱ्या पुष्कळ मुलांचं दुसरीत असं होतं. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" (म्हणजे एकवीस) अशी वाचनपद्धत आणली ती याच अडचणीपोटी, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला! घरी 10 ते 90 ची लांब कार्डं आणि 1 ते 9 ची आखूड कार्डं करा. तोंडाने सत्तेचाळीसच म्हणू द्या, पण हाताने आधी 40 उचलायचं आणि त्याच्या शून्यावर 7 ठेवायचा. एकोणसाठ, एकोणसत्तर सगळ्यात शेवटी घ्या. नावात पुढचा दशक असल्याने 59 चं 69 होणं आणखी काही दिवस चालेल.