लीक डोळ्यांनी दाखवल्याशिवाय डॅशबोर्ड खोलू देऊ नका

मार्चमध्ये गाडीच्या एसीत गॅस भरला, पाच आठवड्यांत थंडावा गेला, आता गॅरेजवाला म्हणतो कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी) लीक आहे, डॅशबोर्ड खोलायचे चौदा हजार. तोवर नुसता गॅस भरून पावसाळा गाठू का, असं तुम्ही विचारलंय. वाचता वाचता मला माझाच 2019चा उन्हाळा दिसला. नागपूर, पंचेचाळीस डिग्री, मागच्या सीटवर सत्तरीची आई, आणि जाळीतून येणारी कोमट हवा.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. ज्या साध्या पेट्रोल हॅचबॅकच्या एसीत आर-134ए गॅस असतो, तशा एका गाडीवर जे भोगलं तेवढंच सांगतोय. तुमची गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर तिच्या कॉम्प्रेसरचं, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, ऑइल वेगळं असतं, तिथे माझं ऐकून काही करू नका.

गॅस भरून ढकलू नका. मी नेमकं तेच केलं.

पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा बोनेट उघडल्यावर कंडेन्सरच्या, म्हणजे पुढच्या बाजूला गॅस गार करणाऱ्या जाळीच्या, वरच्या कोपऱ्यात, जिथे कॉम्प्रेसरकडून येणारा पाइप बसतो तिथे, रुपयाच्या नाण्याएवढा काळसर, तेलकट डाग मला दिसला होता. त्यावर धूळ चिकटून लोण्यासारखा थर झाला होता. मी बोट दाखवलं. सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार म्हणाला, ‘इंजिनचं ऑइल उडालं असेल,’ आणि हातातल्या फडक्याने त्याने तो पुसून टाकला. मी गप्प बसलो. माझी सगळ्यात महाग चूक तीच. गॅस लीक होताना सोबत थोडं कॉम्प्रेसरचं ऑइल बाहेर येतं. गॅसला ना रंग ना वास, म्हणून हा डाग हाच आपल्याला दिसणारा सगळ्यात सोपा पुरावा असतो.

मग त्यांनी व्हॅक्यूम लावला, म्हणजे पंपाने एसीच्या पाइपांतली हवा ओढून काढली, अर्धा तास ठेवला, दाबाचा काटा हलला नाही. ‘लीक नाही सर, गॅस नॉर्मली कमी होतो.’ गॅस भरला. मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तेच. जूनमध्ये पुन्हा. तिन्ही वेळा कागदावर ‘व्हॅक्यूम ओके’.

हे नीट समजून घ्या, कारण तुम्हालाही हेच ऐकवतील. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलते ती जेमतेम 15 पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच माप) जोराने. चालू एसीत हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या भागात, उन्हाळ्यात 250 पीएसआयच्या पुढे दाब जातो, तोही आतून बाहेर. जी ओ-रिंग (पाइपच्या जॉइंटमधली रबरी कडी) बाहेरच्या दाबाने आपल्या जागी चेपून बसते, तीच आतल्या दाबाने गॅस सोडते. व्हॅक्यूम ओलावा काढण्यासाठी हवाच, पण त्यावरून लीक नाही असं म्हणणं मला मान्य नाही.

तसंच दाब दाखवणाऱ्या गेजचं. बंद गाडीत काटा बघून ‘गॅस फुल आहे’ म्हणतात. पस्तीस डिग्रीला आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी काटा 115 पीएसआयच्या आसपासच दाखवतो, पूर्ण असो की निम्मा. गॅस वजन करूनच भरायचा. किती ग्रॅम ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

तीन वेळा गॅस भरला, ऑइल किती गेलं हे एकदाही कोणी पाहिलं नाही. जुलैत कॉम्प्रेसर गिरणीत खडे पडावेत तसा वाजू लागला आणि जाम झाला. धातूचा कीस कंडेन्सरभर पसरला. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारा) मिळून अडतीस हजार गेले. शेवटी ज्या एसीवाल्याकडे काम केलं त्याने जुना कंडेन्सर काढण्याआधी नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला, आणि त्याच कोपऱ्यात, त्याच डागाच्या जागी, बुडबुडे आले. आत कडक होऊन चिरलेली ओ-रिंग होती. शंभर रुपयांच्या आतली वस्तू. आजही लिहिताना राग येतो.

आता तुमच्या कॉइलबद्दल. कॉइल लीक असूही शकते, पण डॅशबोर्ड न खोलता तपासता येते. एसीचं पाणी गाडीखाली ज्या नळीतून गळतं तिथे, किंवा केबिन फिल्टर काढून त्या खाचेत, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरची (गळणारा गॅस ओळखणाऱ्या यंत्राची) नळी धरायला सांगा. इंजिन आणि ब्लोअर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. पंख्याच्या वाऱ्यात डिटेक्टर फिरवून ‘काही नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दुसरा मार्ग डायचा: ऑइलमध्ये डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाकून आठवडाभर एसी चालवायचा आणि रात्री यूव्ही टॉर्च मारायचा. कॉइल लीक असेल तर त्या पाण्याच्या नळीच्या तोंडाशी हिरवट-पिवळं चमकतं.

त्याआधी एक फुकटची तपासणी. गॅस भरायच्या दोन्ही तोंडांची टोपणं काढा आणि आतल्या पिनवर साबणाचं पाणी टाका. पिन गळत असेल तर फेस फुगतो. तोंड जवळ नेऊ नका, पिन दाबू नका. हा गॅस कातडीला लागला तर गोठवतो. टोपण हरवलं असेल तर नवीन बसवा, ते नुसतं धुळीसाठी नसतं.

नायट्रोजन नाही म्हणून टायरच्या हवेने प्रेशर देतो म्हणाले तर गाडी परत आणा, त्या हवेतला ओलावा आत जातो. लीक बंद करणारं सीलर तर अजिबात नको, माझं मत पक्कं आहे. सिस्टिम उघडली की ड्रायर (आतला ओलावा शोषणारा भाग) नवीन, त्या जॉइंटच्या ओ-रिंग नवीन, आणि किती ऑइल घातलं ते बिलावर लिहून घ्या.

सध्या पैसे अडत असतील तर एसी बंद ठेवून चालवा. क्लचवाल्या कॉम्प्रेसरला त्याने काही होत नाही, एसी बंद केला की क्लच त्याला बेल्टपासून सोडवतो. बिनक्लचचा असेल तर तो बेल्टसोबत फिरतच राहतो, मग मात्र आधी विचारून घ्या. फार लांबवूही नका, पावसात काचेवरचं धुकं घालवायला एसी लागतोच.

उद्या सकाळी इंजिन गार असताना बोनेट उघडून प्रत्येक पाइपचा जॉइंट बघा, कंडेन्सरचे कोपरे आधी. डाग दिसला तर पुसू नका, गाडी धुवायलाही देऊ नका. फोटो काढून इथे टाका, मी बघतो.